काठीच्या टोकाला

मी काठी धरतो.
कागदोपत्री त्या कामाला लांबलचक नाव आहे,
पण आई विचारते तेव्हा मी सांगतो, काठी धरतो.
साडेअकरा फूट काठी, टोकाला टेनिसचा चेंडू,
चेंडू म्हणजे ढगमाशाचा डोळा.
मी काठी उचलली की मासा आभाळात जातो.
माझा खांदा भरून आला
की मासा म्हातारा होतो.

अंगात हिरवा झगा, तोंडावर हिरवा बुरखा,
मागे हिरवा पडदा.
आधी मला पुसतात, मग पडदा,
मग उरलेल्या जागेत ढग भरतात.

तो जुना, चित्रांचा ढगमासा
मी पाहिला डिमेलोंच्या टीव्हीवर.
संतोषनगर, रविवार, सव्वानऊ.
त्या टीव्हीतला लाल रंग गेलेला होता.
सूर्य हिरवा, रक्त काळं,
बातम्या देणारी बाई शेवाळलेली,
आणि ढगमासा? कैरीसारखा हिरवागार.
तो मुळात केशरी होता
हे मला इथे कळलं, फिल्मसिटीत, तेविसाव्या वर्षी.
भिंतीवर मोठं चित्र लावलं होतं.
मी म्हटलं, हा कोण?
सगळे हसले.

आता सगळं खरं करायचंय, सर म्हणतात.
खवल्यान् खवला खरा.
म्हणून ससून डॉकवरून एक घोळ आणली,
बर्फावर निजवली,
तिघांनी तिचे सातशे फोटो काढले.
दुपारपर्यंत ती खरोखरच खरी झाली,
तेव्हा मेकअपवाल्या ताई ओरडल्या,
अरे बाहेर काढा रे तिला.
(मागच्या टेकडीवर बिबट्या आहे म्हणतात.
रात्री तिचं काय झालं
ते त्याला विचारा.)

पोरगा आठ वर्षांचा, नाव अन्वय, दहिसरहून येतो.
मधेच त्याचा दात पडला,
तर कालच्या दृश्याशी जुळावा म्हणून
खोटा बसवला.
जेवताना तो काढून खिशात ठेवतो
आणि मला दाखवतो. फक्त मला.

काल निरोपाचं दृश्य होतं.
मासा परत ढगात जाणार, पोरानं रडायचं.
चेंडूकडे बघून कोण रडेल?
एकदा. सहादा. चौदादा.
आई कोपऱ्यातून डोळे वटारतेय,
ग्लिसरिन संपलं,
सर मऊ आवाजात बोलू लागले,
ते मऊ बोलू लागले की सगळे घाबरतात.

सतराव्या वेळी माझा हात थरथरला.
मुद्दाम नाही. सकाळपासून
पोटात एक वडापाव होता, बस.
चेंडू हलला, अगदी थोडा,
ताप आलेल्या माणसाची पापणी हलते तसा.
आणि अन्वय संवाद विसरून
एकदम म्हणाला,
"तुला पण जायचं नाहीये ना?"

कागदावर हे नव्हतं.
मग तो रडला. नाक वाहिलं,
खोटा दात निसटून हनुवटीवर आला,
तरी कुणी कट म्हणालं नाही.

हाच घेऊ, सर म्हणाले.
दात काढता येईल. नाक पुसता येईल.
ती थरथर तेवढी नंतर काढून टाका,
डोळा स्थिर हवा.

सामान आवरताना पाहिलं,
पोरगा गाडीत बसण्याआधी वळला
आणि त्यानं हात हलवला.
मी बुरखा काढून शेजारीच उभा होतो.
त्यानं हात हलवला
भिंतीला टेकलेल्या काठीला.

रात्री आई विचारते,
सिनेमात तू दिसशील का रे?
मी म्हणतो, नाही.
डिमेलोंच्या टीव्हीवर लागला असता
तर कदाचित दिसलो असतो.

ती ताट वाढत म्हणते,
तो तर त्यांनी कधीच
भंगारवाल्याला दिला.
नव्वद रुपये आले होते.